पाठ करून दिलेली हाक

आमच्या घरात मांस शिजत नव्हतं, अंडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, आणि आमची आई परक्या घरी पाणी पिण्याआधी तांब्याचा वास घेऊन बघायची. हे आधीच सांगून ठेवतो. कारण मी रानडुकरांची गोष्ट काढली की नांदेडला आमच्या बिल्डिंगमधले शेजारी दचकतात. "तुम्ही तर लिंगायत ना हो? मग डुकराच्या शिकारीत तुमचं काय काम?" काम होतं. हाताचं नाही, दातांचं नाही, फक्त गळ्याचं. आमच्या घराण्याला डुकरांना हाक मारायची विद्या होती. माझं लग्न ठरताना ही गोष्ट कुणी बायकोच्या माहेरी सांगितली नाही. सांगितली असती तर सासऱ्यांनी पत्रिका आणखी दोन ठिकाणी दाखवून घेतली असती.

आमचं गाव उदगीर आणि अहमदपूरच्या मधल्या डोंगरपट्ट्यातलं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गावात किराणा दुकान होतं आणि नाल्याकाठी वावर होतं. वावर बघायचे मन्मथकाका, अण्णांचे धाकटे भाऊ. भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या की नाल्यातल्या झुडपातून डुकरं वर यायची आणि सकाळी वावर असं दिसायचं, जसं कुणी दारू पिऊन नांगर धरलाय. गावात बंदूक एकच, व्यंकटरावांची, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली. व्यंकटरावांचा नेम वाईट नव्हता, पण नेम धरेपर्यंत डुक्कर थांबत नसे. त्याला बोलावून समोर आणायला कुणीतरी लागायचं. हे सगळं आज कायद्यात बसत नाही. तेव्हा तरी बसत होतं का, हे विचारायची गावाला कधी गरज वाटली नाही.

आमच्या पणजोबांनी म्हणे गावात आलेल्या जंगम अय्यांना, म्हणजे आमच्या गुरूंना, विचारलं होतं, "पीक वाचवायसाठी डुकराला हाक दिली तर पाप लागतं का?" अय्यांनी बराच वेळ कपाळाची विभूती सारखी केली आणि तोडगा सांगितला. हाक द्यावी, पण बघू नये. हाक देणाऱ्यानं वावराकडं पाठ करून बसायचं. जनावर आलं, गेलं, पडलं, पळालं, काहीही होवो, मागं वळायचं नाही. बंदूक वाजली की तसंच उठायचं, विहिरीवर जाऊन अंगातल्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, लिंगपूजा करायची आणि मग भाकरीला बसायचं. पाप बघणाऱ्याला आणि मारणाऱ्याला. बोलावणाऱ्याच्या वाट्याला काही येत नाही. अय्या वकिलीत गेले असते तर त्यांनी भल्याभल्यांना सोडवलं असतं. पण घराण्यानं हा नियम इतका मनापासून पाळला, की आमच्या तीन पिढ्यांत डुकरांना बोलावणारे होऊन गेले आणि बोलावलेलं डुक्कर दिसतं कसं ते एकालाही माहीत नव्हतं.

काकांचं हत्यार म्हणजे एक गाडगं, बूड फुटलेलं. ते तोंडाला लावून काका पोटातून गुरगुर काढायचे. ती पोट भरत आलेल्या डुकराची गुरगुर असते. तिचा अर्थ, इथं भरपूर आहे, भिण्यासारखं काही नाही, या. काकांचे डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी, गळ्यातल्या लिंगाचा चांदीचा करंडा त्या आवाजानं छातीवर थरथरायचा. मला लहानपणी हे गाणंच वाटायचं. दुसरी हाक होती पिलाच्या किंकाळीची. हायब्रीड ज्वारीचं पान दोन्ही अंगठ्यांत ताणून धरायचं आणि त्यावर फुंकायचं. ही हाक काका शिकवायचे, पण देऊ द्यायचे नाहीत. "गुरगुरीवर डुक्कर चालत येतंय. किंकाळीवर धावत येतंय, आन् मारायलाच येतंय. समजलं का? खेळ न्हाई तो."

मी दोन्ही शिकलो. अभ्यासापेक्षा लवकर शिकलो. आणि नेमक्या त्याच सुमाराला अकरावी-बारावी करायला मला लातूरला पाठवण्यात आलं.

तेव्हा लातूरला मुलं पाठवायची लाटच आली होती. ज्याच्या घरात दहावीला बऱ्या मार्कांचं पोरगं, त्याची पेटी लातूरच्या बसच्या टपावर. गल्लीगल्लीत क्लास, क्लासवर खोल्या, खोल्यांवर पत्रे, आणि पत्र्याखाली आमच्यासारखे भावी डॉक्टर घामेजून बेरीज करत बसलेले, की ग्रुपला किती पडले तर सरकारी मेडिकल आणि किती कमी पडले तर तोंड लपवायचं. गावानं तर निकालाची वाटही बघितली नाही. मी अकरावीला गेलो त्या दिवसापासून सगळे मला 'डाक्टर' म्हणायला लागले. सुट्टीत गेलो की म्हाताऱ्या माणसांनी जीभ बाहेर काढून दाखवायची. मी गंभीरपणे बघायचो. मला त्या जिभेपेक्षा माझीच काळजी जास्त वाटायची. फिजिक्सच्या पेपरात पहिला अर्धा तास मी नुसतं नाव आणि नंबर गिरवत बसायचो.

एकदा खोलीवरच्या पोरांना विश्वास बसेना म्हणून मी खिडकीतून गुरगुर दिली. गाडगं नव्हतं, प्लास्टिकचा मग होता. नालीच्या कडेची सगळी गावडुकरं, पिलांसकट, आमच्या क्लासच्या दारात येऊन उभी राहिली. आत सर आनुवंशिकता शिकवत होते. घरमालकीणबाई ओरडल्या, "कोणाचं कार्टं हाय ते? आईबापानं डाक्टर व्हायला पाठवलं का डुकरं राखायला?"

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातूरचे त्या बॅचचे सगळे विद्यार्थी आज सांगतात की ते तेव्हा उठून अभ्यास करत होते. मी झोपलो होतो. पत्रे वाजले, पेटीवरची पुस्तकं छातीवर पडली आणि मी आधी फिजिक्सचं पुस्तक उचलून मग पळालो, का ते देवाला माहीत. उजाडल्यावर औसा-किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. त्या मी इथं लिहीत नाही. ज्यांचं गेलं त्यांनी त्या लिहाव्यात. आमच्या वाट्याला फक्त भीती आली, आणि नुसती भीतीही माणसाला पुरेशी असते. क्लास बंद झाले, खोल्या रिकाम्या झाल्या, आणि मी मिळेल त्या गाडीनं गावी आलो.

गावात घरं उभी होती, पण घरांत कुणी नव्हतं. भिंतींना तडे गेले होते, आणि रोज कधी ना कधी जमिनीतून गुर्र असा आवाज यायचा, हादरा बसायचा. सगळं गाव वावरात राहायला गेलं होतं. आमच्या अण्णांनी दुकानातल्या बारदान्याची पोती शिवून पाल केलं होतं, शेंगांच्या वावराला लागून. ती पोती मिरच्यांची. आत झोपलं की आळीपाळीनं सगळे शिंकायचे. अण्णांनी हादरा कळावा म्हणून दुकानातली वजनं आणून एकावर एक रचून ठेवली होती, वर छटाकाचं वजन. ती धरणीकंपानं एकदाही पडली नाहीत, मांजरानं मात्र रोज पाडली. प्रत्येक वेळी आम्ही सगळे उठून बाहेर पळायचो, मग परत येऊन शिंकायचो. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजायची, कारळाची चटणी, वर तेल, आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा. शेंगांची टरफलं फुटायचा आवाज बंद झाला, की कुणीतरी काहीतरी ऐकलंय असं समजायचं.

आणि पालात नीलाआत्या होती. अण्णांची आणि काकांची धाकटी बहीण. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, नवस झाले, लातूरचे डॉक्टर झाले, आणि आता कुठं तिला दिवस राहिले होते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती म्हणून वाचली, असं सगळे म्हणायचे. कारण तिकडं तिच्या सासरचं माळवदाचं, मातीच्या धाब्याचं घर बसलं होतं. माणसं अंगणात झोपली होती, ती वाचली. पण आत्या झोपायची त्या खोलीत आता गुडघाभर माती होती. हे कळल्यापासून आत्यानं दगडमातीच्या छपराखाली पाऊल टाकायचं सोडलं होतं. दिवस भरत आले होते. सुईण येऊन बघून गेली, म्हणाली, "आसं उघड्यावर बाळंतपण करतेत का? वल्या बाळंतिणीला वारं लागंल. घरात घ्या." आत्या म्हणाली, "मी मरते हितंच, पण माळवदाखाली जायची न्हाई." अण्णांनी समजावलं, आईनं शपथ घातली. आत्या शेंगा फोडत बसली. हट्टानं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, शेंगा फोडणाऱ्याशी काय भांडणार.

त्यात डुक्कर आलं. कळप नव्हे, एकटंच, जुनं. सकाळी पालापासून चार हातांवर माती उकरलेली दिसली. आदल्या दिवशी शेजारच्या वावरात त्यानं एका कुत्र्याचं पोट फाडलं होतं. गावातली झाडून सारी लेकरंबाळं जमिनीवर झोपलेली. त्या रात्री आत्याला झोप आली नाही, म्हणून कुणालाच आली नाही. सकाळी अण्णा काकांना म्हणाले, "मन्मथा, नीला घरात यायची न्हाई. मंग जनावरच जायला पाहिजे. व्यंकटरावाला सांग."

काका गाडगं शोधायला गेले. जाताना माझ्याकडं बघून म्हणाले, "चल डाक्टर. तुजी फीस न्हाई हितं."

बेत साधा होता. सगळ्या बायकांनी आणि लेकरांनी दिवस कलायच्या आत वावराजवळच्या मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर जाऊन बसायचं, बंदूक वाजेपर्यंत हलायचं नाही. आत्याला देवळापुढं बसायला हरकत नव्हती, डोक्यावर छप्पर नव्हतं ना. आई तिला हाताला धरून घेऊन गेली. आमच्या वावराच्या एका टोकाला नाला, दुसऱ्या टोकाला उंच बांध. बांधाच्या मागं मी आणि काका, नियमाप्रमाणं वावराकडं पाठ करून. कडेच्या कडूलिंबावर व्यंकटराव, मचाणावर, पोटाशी उशी आणि उशीवर बंदूक. मधल्या वावरात शेंगांचे वेल उपटून ढीग घातलेले. डुक्कर नाल्यातून निघणार, वावर ओलांडून आमच्या आवाजाकडं येणार, आणि मध्यावर आलं की व्यंकटराव उडवणार.

काकांनी करंडा सदऱ्याच्या आत टाकला, डोळे मिटले आणि सुरू केलं. मी पाठीनं ऐकत होतो. भिंतीला पाठ लावून अंधारात बसल्यावर जसं सगळं अंग कान होतं तसं माझं झालं होतं, आणि अजून तर ऊनही पुरतं गेलं नव्हतं. काका थांबायचे, ऐकायचे, पुन्हा गुरगुरायचे. बऱ्याच वेळानं नाल्याकडून काडी मोडली. मग उत्तर आलं. काकांच्या आवाजापेक्षा जाड, आळशी. काकांनी डोळे न उघडता माझ्या मांडीवर थाप मारली. आलंय.

आणि तेवढ्यात जमीन हलली.

मोठा नव्हता हादरा. बुडाखालून भरलेली बैलगाडी गेल्यासारखं वाटलं, बस्स. देवळाकडून कालवा ऐकू आला, बायकांचा, पोरांचा. काका थांबले. मला वाटलं, संपलं आता, डुक्कर पळालं. पण नाल्याकडून पुन्हा ती गुरगुर आली, अगदी निवांत. त्या आठवड्यात डुकरांनाही हादऱ्यांची सवय झाली असावी. काकांनी गाडगं पुन्हा तोंडाला लावलं. जनावर आता वावरात आलं होतं. वेल ओढल्याचा, शेंगा चावल्याचा आवाज येत होता, थांबत थांबत जवळ येत होता. बंदूक वाजायला हवी होती. वाजत नव्हती.

मी वाट बघितली. व्यंकटरावांना झोप लागली का? बार अडकला का? काका पुन्हा गुरगुरले. बंदूक नाही. मग मी ते केलं, जे आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. मान वळवली आणि बांधावरून बघितलं.

डुक्कर मला नंतर दिसलं. आधी दिसलं ते आत्याचं पिवळं पातळ. उपटलेल्या ढिगांच्या मधोमध, मोकळ्या जमिनीवर ती बसली होती, दोन्ही तळहात भुईला टेकवून. नंतर कळलं, हादरा बसला तशी देवळाची कमान हलताना तिनं पाहिली आणि त्या कालव्यात ती सगळ्यांचे हात सोडवून पळाली. पळून कुठं जाणार? साऱ्या गावात तिचा भरवसा एकाच जागेवर होता, जिथं भिंत नव्हती, झाड नव्हतं, पडण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या शेंगांच्या वावरावर. तिच्यामागं नाल्याच्या बाजूला डुक्कर. आणि ते येत होतं सरळ काकांच्या आवाजाकडं, म्हणजे तिच्याकडं. लिंबावर व्यंकटराव बंदूक उचलत होते आणि पुन्हा खाली घेत होते. त्यांच्या नळीच्या रेषेत डुकराच्या जोडीला आत्याही होती. ओरडायची त्यांची हिंमत नव्हती. ओरडलं तर जनावर बिथरणार, आणि बिथरलेलं डुक्कर नाकासमोर धावतं.

आणि माझ्या शेजारी, डोळे मिटून, पाठ करून, मन्मथकाका आपल्या सख्ख्या बहिणीवर डुकराला बोलावत होते. गोड आवाजात. भिण्यासारखं काही नाही, या.

मला ओरडता आलं नाही. काकांच्या तोंडावर हात ठेवायचं सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला काहीच सुचलं नाही. परीक्षेत व्हायचं तेच झालं, डोकं पाटीसारखं कोरं. फरक एवढाच, की या वेळी पाय माझं ऐकत बसले नाहीत. मी बांधाच्या आडोशानं वाकून पळालो, उभ्या हायब्रीडपर्यंत, जिथं आमची रिकामी बैलगाडी सोडलेली होती. एक पान तोडलं, अंगठ्यांत ताणलं आणि फुंकलं. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा किंकाळी निघाली.

अशी किंकाळी मी आधी कधी काढली नव्हती. तिच्यात माझीही थोडी होती.

डुकरानं मान वर केली. आत्यापासून ते किती लांब होतं, हे घरातलं प्रत्येक माणूस वेगळं सांगतं आणि दरवर्षी ते अंतर कमी होत चाललंय. मी सांगत नाही. पुन्हा फुंकलं, आणि ते वळलं. वळलं आणि सुटलं, माझ्याकडं. काका म्हणाले होते ते शब्दशः खरं होतं, किंकाळीवर ते धावत येतं. ते इतकं मोठं असतं हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. मी पान टाकलं आणि बैलगाडीवर मागच्या बाजूनं उडी घेतली.

बैल नसलेल्या गाडीवर मागून चढू नये, हे आमच्याकडं चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पण मी पीसीबी ग्रुपचा विद्यार्थी होतो. माझं वजन मागं पडलं आणि गाडी उलाळली. समोरचं जू जमिनीवरून सपकन वर गेलं, साखळ्या खळाळल्या, आणि मी मागच्या मागं मातीत पडलो, गाडीच्या आडोशाला. डुक्कर समोरून येत होतं, त्याच्या तोंडापुढं अचानक एक लाकडी जनावर मागच्या पायांवर उभं राहिलं. त्यानं एकदा घुर्र केलं, कडेनं वळलं आणि हायब्रीड मोडत, नाल्यात उतरून गेलं. व्यंकटरावांनी आता बार काढला. तो कुठं गेला हे आजतागायत सापडलेलं नाही.

काका बांधावरून धावत आले ते मला मारायला. किंकाळी ऐकली होती त्यांनी. "आरं तुला सांगितलं हुतं ना, ती हाक द्यायची न्हाई म्हून! कामून दिलीस? कुणी सांगितलं—" एवढं बोलून त्यांचा हात वर गेला, आणि त्यांचं लक्ष वावराकडं गेलं. हात तसाच राहिला.

आत्या अजून बसलेली होती. हात जमिनीवरच. आमच्याकडं बघून ती म्हणाली, "गेलं का रे ते? बाई, केवढं होतं! तुमी ह्याला बोलवता व्हय?" मग तिला रडू आलं, पोट धरून.

काकांनी मला हळूच विचारलं, "कवापासून बसली हुती ती?"

"हादऱ्यानंतरच आली असणार."

"आन् मी?"

काका विहिरीवर गेले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी आंघोळ केली नाही, पूजा केली नाही, आणि आईनं वाढलेली भाकरी ताटात वाळून गेली.

पण डुक्कर जिवंतच होतं आणि आत्या उघड्यावरच होती. दुसऱ्या दिवशी व्यंकटराव पुन्हा मचाणावर चढले. आत्याभोवती आई आणि शेजारच्या चार बायका कडं करून पालात बसल्या, पहारा ठेवला. काका म्हणाले, आता मी बघत बसणार. पाप लागायचं ते लागू द्या. ते बांधावर चढून बसले, वावराकडं तोंड करून, डोळे उघडे ठेवून. गाडगं तोंडाला लावलं.

आवाज आला नाही. म्हणजे आला, पण तो डुकराचा नव्हता, गाडग्यात तोंड घातलेल्या माणसाचा होता. काकांनी घसा खाकरला, पाणी प्यायले, पुन्हा लावलं. त्यांची नजर वावरावरून पालाकडं जायची, तिथून नाल्याकडं, पुन्हा पालाकडं. गळ्यातून नुसता खोकला निघायचा. मी शेजारी बसून बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं. लिंबावरून व्यंकटराव म्हणाले, "काय झालं मन्मथा? गळा बसला का?"

"खाली उतर," काका म्हणाले. "न्हाई येत."

"डाक्टरला सांग की मंग. कालचं पोरगं लई तयारीचं हाय."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी माझे अंगठे मुठीत लपवले. काका म्हणाले, "त्याला लातूरला जायचंय." मला तोपर्यंत लातूरला जायचं आठवतही नव्हतं. त्यांनी गाडगं बांधावर ठेवलं आणि ते खाली उतरले.

पालात आत्या सगळं ऐकत होती. हातातली शेंग तिनं न फोडता परातीत टाकली. मग आईला म्हणाली, "वैनी, माजी गोधडी घ्या." आणि काकांना, "दादा, मी येते घरात. पण तू दारात झोपायचं. उंबऱ्यावर. माज्याकडं तोंड करून. पाठ केलीस तर मी उठून बाहेर येईन, सांगून ठेवते."

"हाव," काका म्हणाले.

क्लास पुन्हा सुरू झाल्याचा निरोप दोनेक दिवसांत आलाच. सरांनी मैदानात मांडव घालून शिकवायला घेतलं होतं; भूकंपानं पोर्शन मागं पडला होता, आणि परीक्षा काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. मी पेटी भरली. पुढं मी डॉक्टर झालो नाही, विष्णुपुरीच्या बाजूला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, गाव मला अजून डाक्टरच म्हणतं, हा वेगळा विषय आहे. निघायच्या आदल्या रात्री आम्ही सगळे अंगणात झोपलो होतो. आत माजघरात एकटी आत्या, आणि उंबऱ्यावर आडवे काका, अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, तोंड तिच्याकडं. चौकटीवरच्या तड्याच्या बरोबर खाली. त्या तड्यातून मधूनमधून माती गळायची, ती त्यांच्या कानशिलावर पडायची. ते झटकत नव्हते. झटकायला कूस बदलावी लागली असती.

पहाटेकडं एक बारीक हादरा आला. भांडी किणकिणली. आम्ही बाहेरचे सगळे उठून बसलो. आतून पळायचा आवाज येईल म्हणून मी कान दिला.

"दादा?"

"हाय."

थोडं थांबून पुन्हा, "दादा?"

"हाय की गं. झोप."